राष्ट्रांपलीकडची न्यायालयं मूलभूत हक्कांसाठी नेमकं काय करू शकतात?

प्रश्नचिन्ह

'युरोपीय न्यायालयाचा अमुक सरकारला दणका' असे मथळे अधूनमधून दिसतात. कधी ते न्यायालय स्ट्रासबर्गला असतं, कधी लक्झेंबर्गला, आणि बातमीत दोघांची बिनदिक्कत सरमिसळ केलेली असते. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

देशातल्या सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर माणूस तिकडे जातो, ते अपील असतं का? जिंकला तर देशातला निकाल रद्द होतो का? दुसरं, स्ट्रासबर्गला कधी जायचं आणि लक्झेंबर्गला कधी? तिसरं, यांच्याकडे ना पोलीस ना तुरुंग. मग सरकारं ऐकतात कशाला, आणि नाही ऐकलं तर पुढे काय होतं?

'न्यायाची पहाट' छापाची उत्तरं कृपया नकोत. प्रत्यक्ष कामकाज कसं चालतं ते सांगा.

कलम_चौतीस

फक्त स्ट्रासबर्गबद्दल लिहितो, लक्झेंबर्गबद्दल तळटीप यांनी लिहावं.

ते अपील नाही, आणि तिथे जिंकलं तरी देशातला निकाल आपोआप रद्द होत नाही. मानवी हक्कांचं युरोपीय न्यायालय एकच प्रश्न तपासतं: मानवी हक्कांच्या युरोपीय कराराने पत्करलेली जबाबदारी या सरकारने मोडली का? त्यामुळे प्रतिवादी नेहमी देशच. शेजारी, मालक, बँक यांच्याविरुद्ध तिथे जाता येत नाही; फार तर 'त्यांच्यापासून सरकारने मला संरक्षण दिलं नाही' असं म्हणता येतं. साक्षीपुरावा नीट तोलला नाही, देशातल्या कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, एवढ्याच तक्रारी असतील तर अर्ज पहिल्याच पायरीवर बाद होतो.

हे न्यायालय युरोपियन युनियनचं नाही, कौन्सिल ऑफ युरोप या वेगळ्या संघटनेचं आहे. करारावर १९५० साली रोममध्ये सह्या झाल्या, तो १९५३ मध्ये लागू झाला आणि न्यायालय १९५९ मध्ये उभं राहिलं. पण सामान्य माणसाला थेट दार उघडलं ते १ नोव्हेंबर १९९८ ला, अकराव्या प्रोटोकॉलने, म्हणजे मूळ कराराला जोडलेल्या पुरवणी कराराने. त्याआधी मध्ये एक आयोग बसलेला असायचा. मार्च २०२२ मध्ये रशियाला काढल्यापासून सदस्य देश ४६.

आलेल्या अर्जांपैकी बहुसंख्य अर्ज हक्काच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत, दाखल होण्याआधीच बाद होतात. कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात.

पहिलं म्हणजे देशातले उपाय संपवलेले नसतात. नुसतं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन भागत नाही, हक्काचा मुद्दा तिथे निदान आशयाने तरी मांडलेला हवा. समजा घराची झडती झाली आणि देशात शेवटपर्यंत वाद घातला तो एवढाच की वॉरंटवर सही चुकीच्या अधिकाऱ्याची होती. स्ट्रासबर्गला गेल्यावर 'माझ्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ झाली' म्हणून चालत नाही. देशातल्या न्यायाधीशाला ती चूक सुधारायची संधीच दिली नव्हती ना! कलमाचा आकडा लिहिला नसला तरी एक वेळ चालतं, तक्रारीचा गाभा मात्र कागदावर दिसला पाहिजे. ही लढाई खरं तर खालच्या कोर्टातल्या पहिल्या अर्जातच जिंकली किंवा हरली जाते.

दुसरं कारण मुदत. आधी सहा महिने होती. पंधराव्या प्रोटोकॉलमुळे १ फेब्रुवारी २०२२ पासून चार झाली. मोजणी अंतिम निकाल कळल्यावर सुरू होते आणि ती कॅलेंडरच्या महिन्यांनी होते. शेवटचा दिवस रविवारी आला म्हणून सोमवार मिळत नाही. २०१२ मध्ये तुर्कस्तानच्या एका प्रकरणात न्यायालयाच्या सगळ्यात मोठ्या पीठाने, ग्रँड चेंबरनेच, हे स्पष्ट केलं आहे.

यातला खरा सापळा वेगळाच. अंतिम निकालानंतर काही वकील फेरविचाराचा किंवा खटला पुन्हा उघडण्याचा अर्ज करतात आणि त्याच्या निकालाची वाट बघत बसतात. असे असाधारण उपाय स्ट्रासबर्ग साधारणपणे मोजत नाही, आणि त्यांच्यामुळे घड्याळही थांबत नाही. फेरविचार फेटाळला जाईपर्यंत चार महिने केव्हाच उलटून गेलेले असतात.

तिसरं कारण फॉर्म. न्यायालयाच्या नियमावलीतला नियम ४७. न्यायालयाचाच चालू फॉर्म, सगळे रकाने भरलेला, अर्जदाराची मूळ सही असलेला, आणि टपालाने पाठवलेला. तारीख धरतात ती टपालाच्या शिक्क्याची. वकील असेल तर अधिकारपत्राचा भाग फॉर्ममध्येच असतो, तिथे दोघांच्याही सह्या लागतात. घटना, तक्रारी आणि देशात काय काय केलं, हे सगळं फॉर्मच्या रकान्यांत मावलं पाहिजे. वर जास्तीत जास्त २० पानं जोडता येतात, पण ती खुलाशासाठी. नव्या तक्रारींसाठी नाहीत. सोबत निकालांच्या प्रती, क्रम लावून. मूळ कागद पाठवू नयेत, परत मिळत नाहीत. फी काही नाही. अर्ज कोणत्याही सदस्य देशाच्या राजभाषेत चालतो. पुढे सरकारकडे उत्तर मागितलं गेलं की कामकाज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये.

अपुरा फॉर्म परत येतो आणि त्याने मुदत थांबत नाही. शेवटच्या आठवड्यात पाठवणाऱ्याला दुरुस्तीला वेळच उरत नाही. एवढ्या एका गोष्टीवर किती चांगली प्रकरणं बुडतात याची कल्पना येणार नाही.

उघड अग्राह्य अर्ज एकच न्यायाधीश निकाली काढतो आणि त्यावर दाद नाही. रुळलेल्या विषयांसाठी तिघांची समिती, बाकीच्यांसाठी सातांचं चेंबर, आणि मोजक्या प्रकरणांत १७ जणांचं ग्रँड चेंबर. चेंबरचा निकाल ग्रँड चेंबरकडे न्यायचा तर तीन महिन्यांत विनंती करायची. ती घ्यायची की नाही हे पाच न्यायाधीश ठरवतात.

जिंकल्यावर मिळतं काय? उल्लंघन झाल्याची घोषणा, आणि कलम ४१ खाली भरपाई. निकाल अंतिम झाल्यापासून साधारणपणे तीन महिन्यांत सरकारने पैसे द्यायचे, नाहीतर व्याज चढतं. शिक्षा रद्द व्हायची असेल तर देशातल्या कायद्यात 'स्ट्रासबर्गच्या निकालावरून खटला पुन्हा उघडता येईल' अशी तरतूद लागते. बऱ्याच देशांनी, निदान फौजदारी खटल्यांसाठी, ती केलेली आहे.

उंबरठा

वरच्यात एक भर. तातडीच्या प्रकरणांसाठी नियम ३९ चा अंतरिम आदेश असतो, आणि तो काही तासांतसुद्धा मिळू शकतो. पण 'तातडी'चा अर्थ फार अरुंद आहे: भरून न येणारी हानी, तीही डोक्यावर येऊन ठेपलेली. म्हणजे मुख्यतः ज्याला अशा देशात परत पाठवणार आहेत जिथे छळाचा किंवा मृत्यूचा धोका आहे, तो माणूस. नोकरी जाणार, मालमत्ता जप्त होणार, निवडणूक तोंडावर आहे, अशा गोष्टींना सहसा नाही.

इथेही चूक ठरलेली. विमानाची तारीख आणि वेळ न लिहिता 'लवकरच हद्दपार करणार' एवढंच लिहिलेलं असतं. हद्दपारीचा आदेश, देशातल्या न्यायालयाचा नकार, उड्डाणाचा तपशील आणि त्या व्यक्तीला स्वतःला असलेला धोका दाखवणारे कागद सोबत लागतात. 'त्या देशात परिस्थिती वाईट आहे' हे एकटं पुरत नाही. हे आदेश सरकारवर बंधनकारक आहेत, हे २००५ च्या मामत्कुलोव्ह निवाड्यापासून पक्कं झालं आहे.

तळटीप

आता लक्झेंबर्ग. हे युरोपियन युनियनचं न्यायालय, सदस्य देश २७. जन्म १९५२ चा, युनियनच्या पूर्वसुरी असलेल्या कोळसा-पोलाद समुदायाच्या काळातला. मूळ करारांत मूलभूत हक्कांचा उल्लेखही नव्हता. १९६९ च्या स्टाउडर प्रकरणापासून न्यायालयानेच ते 'कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं' म्हणून आत आणले. पुढे ते वाढवत नेण्यामागे नुसती उदारता नव्हती. 'तुमच्याकडे हक्कांचं पुरेसं संरक्षण नाही तोवर तुमचे कायदे आम्ही आमच्या घटनेवर घासून बघू', असं जर्मन घटनात्मक न्यायालयाने १९७४ मध्ये सरळ बजावलं होतं. लक्झेंबर्गने हक्क मनावर घेतलेले दिसल्यावर १९८६ मध्ये त्यांनी ती तपासणी मागे घेतली. मूलभूत हक्कांची सनद २००० साली जाहीर झाली, पण बंधनकारक झाली १ डिसेंबर २००९ ला, लिस्बन करारासोबत.

सनदेचं सगळ्यात महत्त्वाचं कलम हक्काचं नाहीच, ते आहे ५१. सदस्य देशाला सनद लागू होते ती फक्त तो देश युनियनचा कायदा अमलात आणत असताना. हे न बघता सनदेतलं आवडतं कलम याचिकेत चिकटवायचं, ही इथली ठरलेली चूक. दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या ओकरबर्ग फ्रान्सनचा खटला अंशतः व्हॅट बुडवल्याचा होता. व्हॅट युनियनच्या कायद्याशी जोडलेला, म्हणून सनद लागू. २०१४ मध्ये इटलीतल्या सिरागुसा नावाच्या माणसाला संरक्षित निसर्गक्षेत्रात परवानगीशिवाय केलेलं बांधकाम पाडायचा आदेश होता. युनियनच्या पर्यावरण कायद्याशी धागा फारच लांबचा, म्हणून सनद नाही. हक्क दोन्हीकडे खरे होते. दार एकालाच उघडलं.

आणि थेट जाण्याचा विचार सोडून द्या. युनियनच्या सर्वसाधारण नियमाला थेट आव्हान द्यायचं तर तो तुम्हाला 'व्यक्तिशः' लागू आहे हे बहुतेक वेळा दाखवावं लागतं. १९६३ मध्ये प्लाउमन नावाच्या क्लेमेंटाइन संत्र्यांच्या आयातदाराला सांगितलं गेलं की हा धंदा उद्या कुणीही करू शकतो, सबब तुम्ही वेगळे नाही. ती कसोटी अजून घट्ट आहे.

खरा रस्ता आहे प्रिलिमिनरी रेफरन्स, युनियनच्या करारातलं कलम २६७. देशातला न्यायाधीश खटला थांबवतो, लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतो, उत्तर आलं की निकाल स्वतः देतो. माहितीच्या गोपनीयतेसाठी लढणारे ऑस्ट्रियाचे मॅक्स श्रेम्स यांचं प्रकरण यासाठी पाठ करण्यासारखं आहे. फेसबुकवरची माहिती अमेरिकेत जाते, तिथे तिला पुरेसं संरक्षण नाही, अशी तक्रार त्यांनी आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयुक्तांकडे केली. अमेरिका सुरक्षित असल्याचा युरोपियन कमिशनचा, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाचा, २००० सालचा निर्णय दाखवून आयुक्तांनी तपासाला नकार दिला. त्या नकाराविरुद्ध ते डब्लिनच्या हायकोर्टात गेले आणि हायकोर्टाने जुलै २०१४ मध्ये प्रश्न पाठवला. ६ ऑक्टोबर २०१५ ला कमिशनचा तो निर्णयच रद्द झाला. श्रेम्स लक्झेंबर्गला थेट गेले असते तर प्लाउमनच्या दगडावर आपटले असते.

म्हणून वकिलाचं कसब दिसतं ते प्रश्नाचा मसुदा न्यायाधीशाला तयार करून देण्यात. घटना, देशातला कायदा, युनियनची तरतूद, आणि या उत्तरावर खटल्याचा निकाल का अवलंबून आहे, एवढं साधारण दहा पानांत बसावं असं न्यायालय स्वतःच सुचवतं. 'आमचा कायदा युनियनच्या कायद्याविरुद्ध आहे का?' असा प्रश्न चुकीचा, कारण देशी कायद्याची वैधता लक्झेंबर्ग तपासत नाही. 'अमुक तरतुदीचा अर्थ असा लावायचा का, की ती अशा प्रकारच्या कायद्याला मज्जाव करते?' असं विचारायचं. उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माणूस कोठडीत असेल तर तातडीच्या प्रक्रियेत काही महिन्यांत येतं.

प्रश्नचिन्ह

म्हणजे लक्झेंबर्गला माणूस जात नाही, न्यायाधीश जातो! आणि न्यायाधीशाने प्रश्न पाठवायलाच नकार दिला तर?

तळटीप

खालच्या न्यायालयाला साधारणपणे मोकळीक असते. पण युनियनचा एखादा कायदा अवैध ठरवायची वेळ आली तर खालच्यालाही पाठवावंच लागतं, तो अधिकार फक्त लक्झेंबर्गचा. ज्याच्यावर अपील नाही त्या शेवटच्या न्यायालयावर मात्र बंधन आहे. १९८२ च्या सिलफिट निवाड्यात त्याला तीन सवलती दिल्या: प्रश्न खटल्याला गैरलागू असणं, त्यावर आधीच उत्तर आलेलं असणं, किंवा अर्थ इतका स्वच्छ असणं की शंकेला वाव नाही. तिसऱ्या सवलतीचा गैरवापर होतो, हे या क्षेत्रात कुणी नाकारणार नाही.

नकार मिळाला तर कारणं लेखी मागा. शेवटच्या न्यायालयाने विनंतीची दखलच घेतली नाही, तर तो स्ट्रासबर्गच्या करारातल्या कलम ६ चा, म्हणजे न्याय्य सुनावणीच्या हक्काचा, भंग ठरू शकतो; २०१४ मध्ये इटलीविरुद्ध दाहबी प्रकरणात तो ठरला. त्यासाठी विनंती स्पष्ट आणि कारणांसह नोंदीवर असायला हवी. तोंडी केलेल्या विनंतीला काही अर्थ नाही.

शेवटचं_पान

तिसरा प्रश्न राहिला. पैसे द्यायला सरकारं बहुधा तयार असतात, कायदा बदलायला नसतात. तिथेच सगळं अडतं.

स्ट्रासबर्गचा निकाल अंतिम झाला की फाइल मंत्र्यांच्या समितीकडे, म्हणजे कौन्सिल ऑफ युरोपच्या सदस्य देशांच्या सरकारी प्रतिनिधींकडे, जाते. सहा महिन्यांत सरकारने कृती आराखडा द्यायचा: या माणसाचं काय करणार, आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून काय बदलणार. समिती वर्षातून चार वेळा मानवी हक्कांच्या बैठका घेते. गंभीर प्रकरणं कडक देखरेखीखाली राहतात. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे इथे अर्जदार आणि संस्थाही लेखी म्हणणं देऊ शकतात, समितीच्या नियम ९ खाली. सरकार 'सगळं सुरळीत झालं' असं कळवतं तेव्हा 'नाही झालं' हे तारखांसह सांगणारं दुसरं कुणी नसतं. निकाल लागला की पेढे वाटून फाइल बंद करणारे वकील ही पायरी हातची घालवतात.

समितीकडचं शेवटचं अस्त्र म्हणजे दोन तृतीयांश मतांनी प्रकरण पुन्हा न्यायालयात नेणं, कलम ४६ चा चौथा परिच्छेद. पहिल्यांदा ते वापरलं अझरबैजानविरुद्ध, विरोधी नेते इल्गार मम्मादोव्ह यांच्यासाठी. निकाल २०१४ चा, सुटका २०१८ मध्ये, ग्रँड चेंबरचा निवाडा मे २०१९ मध्ये, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली २०२० मध्ये. दुसऱ्यांदा तुर्कस्तानविरुद्ध, कोठडीतले सामाजिक कार्यकर्ते उस्मान कावाला यांच्यासाठी. डिसेंबर २०१९ च्या निकालात तात्काळ सोडा म्हटलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये देशातल्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप ठोठावली. जुलै २०२२ मध्ये ग्रँड चेंबरने आज्ञाभंग झाल्याचं सांगितलं, आणि तुरुंगाचं दार काही उघडलं नाही. कलम तेच, फळ वेगळं.

लोकशाही देशही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. कैद्यांना सरसकट मतदानबंदी नको, असं ब्रिटनला हर्स्ट प्रकरणात २००५ मध्ये सांगितलं. देखरेख संपली डिसेंबर २०१८ मध्ये, तीही संसदेने कायदा न बदलता, प्रशासकीय पातळीवर थोड्या कैद्यांना मत देऊन.

लक्झेंबर्गकडे मात्र दंड आहे. न्यायाधीशांवर कारवाई करणाऱ्या शिस्तपालन कक्षावरून पोलंडला ऑक्टोबर २०२१ मध्ये रोज १० लाख युरोंचा दंड लागला, एप्रिल २०२३ मध्ये तो निम्म्यावर आला. पोलंडने भरला नाही तेव्हा कमिशनने युनियनकडून देशाला मिळणाऱ्या निधीतून कापून घेतला. आधी द्यायचं काही हातात असेल तर वसुली सोपी जाते, एवढंच त्यातलं गुपित.

उंबरठा

दंडाबद्दल सहमत, पण स्ट्रासबर्गच्या दुखण्याचं मूळ आज्ञाभंगापेक्षा पुनरावृत्तीत आहे. एकच सदोष कायदा आणि हजारो अर्ज. यावर पायलट निवाड्याची तोड काढली. पहिला २००४ चा ब्रोनिओव्हस्की, पोलंडच्या बदललेल्या सरहद्दीपलीकडे मालमत्ता राहून गेलेल्या लोकांबद्दलचा. एक प्रकरण निवडायचं, मूळ दोष नेमका सांगायचा, बाकीची तोवर थांबवायची. पोलंडने कायदा केला, काम झालं. युक्रेनमध्ये देशातल्याच न्यायालयांचे निकाल अमलात येत नव्हते, तिथे हीच तोड फसली. शेवटी २०१७ मध्ये बुर्मिच निवाड्यात बारा हजारांवर अर्ज एकदम यादीतून काढून मंत्र्यांच्या समितीकडे ढकलले. व्यवस्थापन म्हणून समजतं. अर्जदाराच्या जागी बसून बघितलं तर तोंडावर दार बंद केल्यासारखंच आहे.

खंडांतर

चर्चा युरोपातच घुटमळते आहे, म्हणून थोडं.

अमेरिका खंडाचं न्यायालय कोस्टारिकात सान होसेला, न्यायाधीश सात. व्यक्ती थेट जाऊ शकत नाही: आधी वॉशिंग्टनच्या आयोगाकडे अर्ज, मुदत सहा महिने, आणि आयोगाने पुढे नेलं तरच न्यायालय. वाट लांब आहे, पण आदेश स्ट्रासबर्गपेक्षा कितीतरी धीट असतात: जाहीर माफी, स्मारक, तपास पुन्हा सुरू करणं. २००१ च्या बार्रिओस आल्तोस निवाड्यात गुन्हेगारांना शिक्षेतून सोडवणारे पेरूचे माफी कायदेच परिणामशून्य ठरवले. त्याच वर्षी निकाराग्वाला आवास तिंग्नी या आदिवासी समूहाच्या जमिनीची हद्द आखून पट्टा द्यायला सांगितलं. पट्टा हातात पडला डिसेंबर २००८ मध्ये.

आफ्रिकी न्यायालय टांझानियात अरुशाला. मेख आहे ते स्थापन करणाऱ्या प्रोटोकॉलच्या कलम ३४(६) मध्ये. देशाने स्वतंत्र घोषणापत्र दिलं असेल तरच व्यक्तीला थेट जाता येतं, आणि निकाल विरोधात जायला लागले की देश ते मागे घेतात: रवांडा २०१६, टांझानिया २०१९, बेनिन आणि आयव्हरी कोस्ट २०२०. मागे घेणं वर्षभराने लागू होतं आणि आधी दाखल झालेली प्रकरणं चालतात, त्यामुळे तारीख बघूनच हालचाल करावी लागते.

पश्चिम आफ्रिकी देशांच्या एकोवास या आर्थिक समुदायाच्या न्यायालयात देशातले उपाय संपवायची अटच नाही. गुलामीत विकल्या गेलेल्या नायजरमधल्या तरुणीचा खटला ऐकायला ते अबुजाहून निआमीला गेलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये नायजर सरकारला १ कोटी सीएफए फ्रँक द्यायला लावले. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांच्या एसएडीसी या विकास संघटनेच्या न्यायाधिकरणाने त्याच वर्षी झिंबाब्वेविरुद्ध शेतजमिनींचा निकाल दिला. २०१० मध्ये सदस्य देशांनी ते न्यायाधिकरणच स्थगित केलं, आणि पुढे व्यक्तीला दाद मागायची सोयच काढून टाकली.

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचे आभार, खूप उलगडलं. एक शेवटचं: युनियनच्या कायद्यानेच हक्क मोडला आणि देशाने तो निमूटपणे अमलात आणला, तर स्ट्रासबर्गला त्या देशाविरुद्ध जाता येतं का?

कलम_चौतीस

येतं, पण चढण मोठी आहे. युनियन स्वतः अजून त्या करारात नाही. प्रवेशाच्या मसुद्याला लक्झेंबर्गनेच डिसेंबर २०१४ मध्ये नकार दिला. म्हणून प्रतिवादी देशालाच करावं लागतं. देशाला त्यात स्वतःचा निर्णय घ्यायला जागा होती का, हे आधी बघा. जागा होती तर नेहमीसारखी पूर्ण तपासणी होते. नव्हती तर २००५ चा बॉस्फोरस निवाडा आडवा येतो. युगोस्लाव्ह कंपनीकडून एका तुर्की कंपनीने भाड्याने घेतलेलं विमान आयर्लंडने युगोस्लाव्हियावरच्या निर्बंधांच्या युनियनच्या नियमाखाली अडकवलं होतं. युनियनमधलं हक्कांचं संरक्षण आमच्याशी तुल्यबळ आहे असं स्ट्रासबर्गने तिथे गृहीत धरलं. ते गृहीतक मोडायचं तर तुमच्या प्रकरणात संरक्षण 'उघडपणे तोकडं' पडल्याचं दाखवावं लागतं. देशातल्या न्यायालयाकडे लक्झेंबर्गला विचारणा करायची लेखी विनंती केली होती आणि ती कारणाशिवाय डावलली गेली, असा कागद हाताशी असेल तर सुरुवात तिथूनच करा.